दलसूभाऊंची घळ

दलसूभाऊंना कुणी आंधळं म्हटलं तर ते चिडायचे नाहीत, फक्त दुरुस्ती करायचे. "घरी आहो आंधळा. गावात आहो. इथी नाई." इथी म्हणजे येरकलच्या घळीत. ती सोडून जगात दुसरीकडे कुठे काही दिसलं नाही तरी त्यांची फारशी तक्रार नव्हती. घळीत मात्र जायला मिळालं पाहिजे, हातपाय चालतील तोवर, एवढं एकच मागणं होतं. ते माझ्या हातून मोडलं, आणि तेही त्यांचं भलं करायला जाऊन. म्हणून आधी माणूस कसा होता ते सांगते, मग माझं सांगते.

एटापल्लीच्या पुढे डांबर संपल्यावर बऱ्याच वेळाने एक डोंगर मधोमध चिरलेला दिसतो. ती येरकलची घळ. सकाळी वरच्या तोंडातून आत शिरायचं, कुठे ओढ्याच्या काठाने, कुठे ओढ्यातूनच दगडांवरून उतरत जायचं आणि ऊन कलायच्या आत खाली नदीच्या वाळूवर बाहेर पडायचं. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, आणि मध्ये एका ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडचे दगड बोटांना लागतात. जुन्या काळी या डोंगरावर लोखंड गाळणारे लोक राहायचे. त्यांचं लोखंड राजाकडे याच वाटेने, माणसांच्या डोक्यावरून जायचं. ओढ्यात अजून काळे, जड, भोकाभोकांचे लोखंडाच्या मळीचे गोळे सापडतात. हे सगळं कळल्यावर नागपूर-चंद्रपूरची माणसं पाठीला पिशव्या लावून यायला लागली. मग आमच्या खात्याने गेट लावलं, चौकी बांधली, चौकीत वनरक्षक म्हणून मला बसवलं, आणि गावातल्या चौघांना गाईडचं कार्ड दिलं. त्यातले तिघे सूरजागडच्या खाणीकडे ट्रकांच्या कामाला गेले. राहिले दलसूभाऊ.

साठीचा, ठेंगणा माणूस. खात्याने दिलेला खाकी शर्ट दोन मापं मोठा, लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली, आणि पाय अनवाणी. पाय मात्र पाहून घ्यावेत असे होते, रुंद, बोटं फाकलेली, टाचा भेगाळून चामड्यासारख्या झालेल्या. देवाने आधी पाय केले असतील आणि मग उरल्या मातीत बाकीचा माणूस भागवला असेल, असं मी एकदा त्यांना म्हटलंही. ते खूश झाले. "उरल्या मातीतच डोळे आले म्हना," म्हणाले.

पाहुणे हटकून विचारायचे, काका, हा रस्ता किती जुना? त्यावर त्यांचं एकच उत्तर. "राजाच्या आधीचा हाये जी. राजा आला तवा त्यानं बी पह्यले विचारलं, मंगच पाय ठेवला."

हे विचारणं ते स्वतः रोज करायचे. घळीच्या तोंडाशी मोहाची दोन फुलं दगडावर ठेवायची, आपल्या माडिया बोलीत दोन वाक्यं बोलायची आणि थांबायचं. किती थांबायचं ते ठरलेलं नसे. पाहुण्यांना ते फार आवडायचं, फोटो काढायचे. एकदा मात्र चंद्रपूरचा एक मोठा ग्रुप पहाटे निघून आलेला, तिकिटं फाडलेली, सगळे बूट बांधून तयार, आणि दलसूभाऊ फुलं ठेवून परत फिरले. "आज नाई."

"काऊन भाऊ?" मी विचारलं.

"घळ नाई म्हनून राह्यली."

आभाळ स्वच्छ होतं. ना अस्वलाचा माग, ना आग्यामाश्यांची घोंघों. ग्रुप माझ्यावर ओरडला, मी दलसूभाऊंवर ओरडले. शेवटी तिकिटं परत घेतली आणि साहेबांना लेखी खुलासा दिला. त्यात कारण काय लिहावं याचा मी तासभर विचार करत होते. दिवसभर घळीत काही म्हणता काही झालं नाही. संध्याकाळी मी तावातावाने त्यांच्यापुढे उभी राहिले. "काय झालं हो? काहीच तर झालं नाही!"

"झालं नाई ते बरंच हाये ना जी?" मग म्हणाले, "तुमच्या घरी कोनी आलं, तुमी म्हटलं आज नाई, तं तुमचं घर पडते काय?"



घळीतल्या प्रत्येक वळणावरच्या दगडाला त्यांनी नाव दिलं होतं, आणि नावं बहुतेक माणसांची. एक गुरुजी होता. तो बारा महिने उन्हात कोरडा बसून असायचा. "कामाचा नाई, पन कोनाले तरास बी नाई." एक सासू होती, वरून शेवाळ नसायचं पण पाय घसरलाच पाहिजे. आणि एक तलाठी. दिसायला रुंद, भरवशाचा. पाहुण्यांत एकदा खराच तलाठी निघाला आणि त्याने जरा दुखावूनच विचारलं, हे नाव का हो ठेवलं? "वजन ठेवलं का कलते म्हून," दलसूभाऊ सरळ चेहऱ्याने म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने तो तलाठीच हसला.

अर्ध्या वाटेच्या पुढे मात्र कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. जागेचा मान म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. पुढे कळलं की त्यांना ओढा ऐकायचा असायचा. पाणी कोणत्या दगडावर कसं वाजतं त्यावरून ते आपण कुठे आहोत हे ठरवायचे, कारण दिसत नव्हतं.

मला ते कळलं एका पाटीमुळे. गेटजवळ 'प्लास्टिक नेऊ नये' अशी नवी लोखंडी पाटी मीच पायवाटेच्या कडेला रोवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भर उजेडात दलसूभाऊ झपझप चालत आले आणि कपाळाने त्या पाटीवर आदळले. भुवई फुटली, रक्त आलं. मी धावले. त्यांनी हात पुढे करून पाटी चाचपली, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "हे इथी कवा आलं?" मग कपाळाला फडकं बांधून ते आठ जणांना घेऊन घळीत उतरले. मीही मागोमाग गेले. ओल्या दगडांवरून, एकाही ठिकाणी न अडखळता, ते दिवसभर त्या आठ डोळस माणसांना पाय कुठे ठेवा ते सांगत होते. मी मागून त्यांचं एकेक पाऊल बघत होते.

मी त्यांना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एसटीत ते खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरून बसले. स्टँडवर उतरलो तर माझ्या ओढणीचं टोक मुठीत. "इथी एक दगड वळखीचा नाई, बापा," पुटपुटत होते. माझ्याच वयाच्या डॉक्टरबाई, त्यांनी खूप वेळ तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नसते, उरलेली औषधाने टिकेल तेवढी टिकेल, आणि उरलेली फार नाही. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. त्या दिवशी मला मोतीबिंदू झालेल्यांचा हेवा वाटला.

परतीच्या गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. आलापल्लीपर्यंत ते खिडकीचा गज धरून ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, कागदावर लिहू नका."

गाईडचं कार्ड दरवर्षी नवं व्हायचं आणि त्याच्या फॉर्मवर शारीरिक पात्रतेचा एक रकाना होता. तो मी भरायची. नजर गेलेल्या माणसाला कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर घळ नाही, कारण आता तिथे कार्डाशिवाय गावकऱ्यालाही आत पाय टाकता येत नव्हता.

"भाऊ, कुणी पडलं-बिडलं तर?"

"माह्या मागं कोनी पडलं काय आजपावेतो?"

"पण तुम्हाला दिसत नाही हो!"

"घरी नाई दिसत." ते माझ्याकडे तोंड करून बसले होते, पण बघत होते माझ्या खांद्याच्या बाजूला. "घरात रोज कोनी ना कोनी काईतरी हलवते. खाट हलवते, घडा हलवते, बकरी बांधते. सून म्हन्ते, बा, तुमी बसा, हलू नका. मंग मी बसून राह्यतो, पोत्यावानी. घळीत कोनी काई हलवत नाई. तिथी मी मानूस आहो, मॅडम. तेवढं राहू द्या."

मी फॉर्मवर 'ठीक' लिहिलं. दोन वर्षं लिहिलं. नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती पाहुण्यांपैकी कुणाचं तरी डोकं फुटेल याची होती. ती घालवायला मी प्रत्येक ग्रुपच्या मागे चालायला लागले. साहेबांना वाटलं, बाई भलतीच कामाची आहे.

माझी भीती त्यांना कळत असणार. एका दुपारी पाहुणे जेवत असताना त्यांनी गळ्यातला गमछा काढून माझ्या हातात दिला. "डोळे बांधा अन त्या गुरुजीपावेतो जा. दहा पावलं हायेत." मी गेले. दहा पावलांना किती वेळ लागला देव जाणे. दोनदा बसले, एकदा रडकुंडीला आले. हातांनी हवेत चाचपडत होते. "हात खाली करा," मागून त्यांचा आवाज, "हाताले काय समजते? पायाले इचारा." मी पाऊल टेकवलं आणि खरंच, थोडं थोडं कळायला लागलं. इथे उतार आहे, इथे बोटाएवढी खाच, इथे गार, इथे ऊन लागलेलं. दोन दगड सारखे नव्हते. गुरुजीला हात लागला तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी त्याला मिठीच मारली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दलसूभाऊ म्हणाले, "पास."

एवढं शिकूनही मी काही शिकले नाही, हे मला सगळ्यात जास्त छळतं.

त्या पावसाळ्यानंतर घळ उघडली आणि पहिल्याच फेरीत, अर्ध्या वाटेच्या जरा पुढे, एक मोठा अर्जुनवृक्ष वाटेवर आडवा पडलेला होता. पुराने आणून टाकलेला. मी मागे होते, ओरडायच्या आत ते छातीने त्याच्यावर धडकले. पडले नाहीत. त्यांनी खोड चाचपलं, फांद्या चाचपल्या, आणि पाहुण्यांकडे वळून "हा नवा पाव्हना आला जी" म्हणून हसले. सगळे हसले. पण मी जवळ पोचले होते आणि मला त्यांचा चेहरा दिसला. ओठ हसत होते आणि बाकीचा चेहरा घाबरून पांढरा पडला होता. गाव हरवलेल्या म्हाताऱ्यासारखे ते क्षणभर मान इकडे-तिकडे फिरवत होते. मी अजून विसरलेले नाही.

त्याच संध्याकाळी चौकीत बसून मी प्रस्ताव लिहिला. अर्ध्या वाटेच्या पुढे दोन अवघड जागा आहेत, तिथे धरायला आधार आणि चार-सहा पायऱ्या कराव्यात, पर्यटक व मार्गदर्शक यांच्या सुरक्षेसाठी. खाली माझी सही. दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने दलसूभाऊंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"दगड नाई ना हलवनार कोनी?"

"नाही हो भाऊ! तुमच्याच सोयीसाठी तर आहे."

"तुमी सांगता तं बरं असन," ते म्हणाले.

मग माझी ड्युटी हत्तींमागे लागली. हत्तींचा कळप आरमोरीच्या बाजूला धानाच्या बांध्यांत उतरला होता, आमच्यातले बरेच जण तिकडे पाठवले. महिन्यांमागून महिने गेले. मी गावोगाव लोकांना घरात राहा म्हणून सांगत फिरत होते आणि फोनवर कळत होतं की येरकलचं काम मंजूर झालं, वाढीव झालं, घळ कामासाठी बंद आहे. वाढीव म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. चांगलंच असेल असं वाटलं. दलसूभाऊ तेवढे दिवस घरी खाटेवर बसून होते. सुनेच्या फोनवर एकदा बोलणं झालं. "सुरुंगाचे आवाज येऊन राह्यले, मॅडम," ते म्हणाले. मी म्हटलं, रस्त्याचं काम असेल. मला खरंच तसं वाटलं होतं की वाटून घेतलं होतं, आता सांगता येत नाही.

मी परत आले ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. तशीच आत गेले आणि नदीपर्यंत उतरत गेले.

वरच्या तोंडापासून खालपर्यंत सिमेंटच्या पायऱ्या. निळ्या पाइपचा कठडा. ओढा एका बाजूला नाली करून वळवलेला, जवळपास मुका झालेला. सासू, तलाठी, गुरुजी, सगळे फोडून पायऱ्यांच्या पोटात भरलेले. काम काही वाईट नव्हतं. उलट छान होतं, म्हाताऱ्या माणसालाही उतरता येईल असं. फाइलीला सगळ्यात वर माझा कागद लावलेला होता.

त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. दारापर्यंत गेले आणि सून भांडी घासत होती ते बघून परत फिरले. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की या वाटेचा पहिला मान आपल्या दलसूभाऊंचा. त्यांना हार घातला. त्यांनी शर्ट धुऊन घातला होता, केसांना तेल लावलं होतं. इतक्या महिन्यांनी घळीत जायचं म्हणून अंगात नुसता उत्साह. फीत कापली, ते पुढे झाले आणि पाय टाकला.

पहिल्या काही पायऱ्या ते भराभर उतरले. मग हळू झाले. पाय टेकवायचे, उचलायचे, परत तिथेच टेकवायचे, अंगठ्याने कड शोधायचे. मान कलती करून ऐकायचा प्रयत्न करत होते, पण मागे पन्नास माणसं बोलत होती आणि आज त्यांना गप्प करायला ते विसरले होते. पहिल्या वळणावर ते थांबले. लोक थोडा वेळ थांबले, मग एकेक जण त्यांना वळसा घालून पुढे निघाले. वाट समोर सरळ दिसत होती. पुढे जायला कुणाला विचारायचं कारण नव्हतं.

सगळे गेल्यावर मी जवळ गेले. ते दोन्ही हातांनी कठडा धरून, वाटेकडे पाठ करून, कातळाकडे तोंड करून उभे होते. हार मानेवरून एका खांद्यावर घसरला होता.

"भाऊ."

"कोन?"

"मी."

"सबन सारख्या हायेत, मॅडम." आवाज अगदी बारीक झाला होता. "एक गेली का दुसरी थेच, तिसरी थेच. किती उतरलो, कुठी आलो, मले काईच समजून नाई राह्यलं."

"कठडा धरून चला ना, भाऊ. तो थेट नदीपर्यंत जातो."

"थो जाते. पन मी कुठी आहो?"

पहिल्या वळणावर, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी परत सांगितलं, हे बघा, समोर कातळ आहे, नेहमीचाच. त्यांनी हात लांब करून कातळ चाचपला, आणि हात मागे घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी आधीच हवेत माझा हात शोधायला सुरुवात केली होती.

"मॅडम, मले इथून बाहीर काढा."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही वर निघालो. मी शेजारी रडत होते आणि ते त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. प्रत्येक पायरीला ते विचारत होते, "अजून हाये?" आणि मी "आहे" म्हणत होते. अजून हाये? आहे. शेवटची पायरी चढून आम्ही गेटच्या मातीत आलो, तरी त्यांनी पाय उंच उचलला, हवेत धरून ठेवला आणि विचारलं, "अजून हाये?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "संपल्या."